न उघडणारी फाईल



संगणकाचा छंद ज्यांस जडला आहे, त्यांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते: "प्रोग्रॅम बरोबर आहे, कार्ड जागेवर आहे, फाईलही कार्डावर आहे, पण फाईल उघडत नाहीं." तक्रार करणारा विद्यार्थी बहुधा प्रामाणिक असतो. त्यानें तीन गोष्टी पाहिलेल्या असतात, आणि त्या तिन्ही त्यास ठीक वाटतात. मग तो काय करितो? आज्ञेंतील एक अक्षर बदलतो व प्रोग्रॅम पुन्हां चालवितो. दुसरें अक्षर बदलतो व पुन्हां चालवितो. अर्ध्या तासानें मूळ आज्ञा कशी होती हेंही त्याच्या ध्यानांत राहत नाहीं. नाडी न पाहतां एकामागून एक पुड्या देणाऱ्या वैद्याच्या हातीं सांपडलेल्या रोग्याची जी गत, तीच अशा प्रोग्रॅमची होते.

वास्तविक पाहतां फाईल उघडणें ही एक क्रिया नसून ती पांच कड्यांची सांखळी आहे. सांखळी तुटली असतां कोणती कडी तुटली हें आधीं शोधावें. सगळी सांखळी हालवीत बसूं नये. ह्या पाठांत त्या पांच कड्या आपण क्रमानें पाहूं. त्यानंतर ज्या चुकीच्या वेळीं यंत्र एक शब्दही बोलत नाहीं, अशा एका चुकीचा विचार करूं. कारण सर्वांत मोठें नुकसान तीच करिते.

१. यंत्र आणि भाषा

बेसिक ही भाषा अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर संस्थानांतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ ह्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनीं तयार केली. तिच्यांतील पहिला प्रोग्रॅम १ मे १९६४ रोजीं चालला. ज्यांचा विषय गणित किंवा विज्ञान नाहीं, अशा विद्यार्थ्यांसही संगणक वापरतां यावा, हा त्या दोघांचा हेतु होता. पुढें १९७५ ते १९८५ च्या सुमारास घरगुती संगणक निघाले, तेव्हां त्यांतील बहुतेकांत हीच भाषा आरंभापासून भरलेली असे.

घरगुती संगणकांचा तो साधेपणा छंद असणाऱ्यांस पुन्हां मिळवून देण्याचें काम ऑस्ट्रेलियांतील जेफ ग्रॅहम ह्यांनीं केलें. त्यांनीं रचिलेला मॅक्झिमाइट नांवाचा लहान संगणक मार्च २०११ मध्यें तेथील 'सिलिकॉन चिप' ह्या मासिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत पीआयसी३२ जातीचा एकच मायक्रोकंट्रोलर सर्व काम करितो. त्यास कळफलक, पडदा व एसडी कार्ड जोडतां येतें. त्याच्या भाषेचें नांव एमएमबेसिक. पुढें जानेवारी २०२१ मध्यें इंग्लंडांतून रास्पबेरी पाय पिको ही चार डॉलर किमतीची पट्टी बाजारांत आली. तिच्यांत २६४ किलोबाइट स्मृति व २ मेगाबाइट फ्लॅश आहे. तिच्यावर चालणाऱ्या एमएमबेसिकास पिकोमाइट म्हणतात. आपला पाठ ह्याच कुळांतील यंत्रांविषयीं आहे.

ह्या यंत्रांचा मोठा गुण असा कीं, वीज सुरू होतांच पडद्यावर भाषेचें चिन्ह उमटतें आणि यंत्र तुमच्या आज्ञेची वाट पाहत उभें राहतें. पूर्ण प्रोग्रॅम न लिहितां एकच आज्ञा देऊन तिचें उत्तर लगेच मिळवितां येतें. दोष शोधण्याच्या कामीं ह्याहून चांगलें साधन नाहीं, हें पुढें दिसून येईलच.

एक सूचना. खालील सर्व आज्ञा यंत्रास रोमन लिपींतच द्यावयाच्या असतात. येथें त्या वाचण्याच्या सोयीसाठीं उच्चाराप्रमाणें नागरींत छापल्या आहेत.

२. उघडणें म्हणजे काय?

कचेरींतील दप्तरखाना डोळ्यांपुढें आणा. तुम्हांस एक नोंदवही पाहिजे आहे. कारकून विचारतो: वही कोणत्या कपाटांत आहे? कोणत्या कप्प्यांत? तिचें नांव काय? ती वाचावयास पाहिजे कीं तींत लिहावयाचें आहे? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे तो तुम्हांस एक क्रमांकाचा बिल्ला देतो व म्हणतो, "आतां ह्या बिल्ल्यावर बोला." तेथून पुढें तुम्ही वहीचें नांव घेत नाहीं, बिल्ल्याचा क्रमांक सांगतां. काम झालें म्हणजे वही व बिल्ला दोन्ही परत करावयाचीं.

बेसिकमधील आज्ञा नेमकी ह्याच संभाषणाची आहे:

ओपन "बी:/पर्जन्य/रेन.टीएक्सटी" फॉर इनपुट ॲज #१

ह्यांत 'बी:' हें कपाट, 'पर्जन्य' हा कप्पा, 'रेन.टीएक्सटी' हें वहीचें नांव, 'फॉर इनपुट' हा हेतु आणि '#१' हा बिल्ला. ह्या पांचांपैकीं एकही गोष्ट चुकली तर कारकून हात जोडतो, आणि पडद्यावर चुकलेली ओळ व तिचें कारण उमटतें. तें कारण शेवटपर्यंत वाचावें. 'कार्ड सांपडत नाहीं', 'फाईल सांपडत नाहीं' आणि 'हा क्रमांक आधींच वापरांत आहे' हे तीन निरनिराळे निरोप आहेत. पहिला कपाटाविषयीं आहे, दुसरा कप्पा किंवा नांव ह्यांविषयीं, तिसरा बिल्ल्याविषयीं. तिन्हींस 'फाईल उघडत नाहीं' असें एकच नांव देणारा विद्यार्थी हातीं आलेला पुरावा टाकून देतो.

३. पहिली कडी: कपाट

कपाटाची परीक्षा करण्यास प्रोग्रॅमची गरज नाहीं. चिन्हापुढें 'फाईल्स' ही एकच आज्ञा द्यावी. कार्डावरील नांवांची यादी आली तर कपाट शाबूत आहे. यादी आली नाहीं, तर प्रोग्रॅमकडे वळून पाहूंही नये. दोष खालच्या पायरीवर आहे.

पिकोस एसडी कार्ड जोडण्यास विजेच्या दोन तारांखेरीज चार तारा लागतात: एक ठोक्यांची, एक कार्डाकडे माहिती नेणारी, एक कार्डाकडून आणणारी, आणि एक कार्डास "आतां तुझ्याशीं बोलत आहें" असें सांगणारी. नेणारी व आणणारी ह्या दोन तारांची अदलाबदल हा नवशिक्यांचा नित्याचा दोष आहे. ह्या तारा कोणत्या पायांस जोडल्या आहेत, हेंही भाषेस सांगावें लागतें. 'ऑप्शन सिस्टिम एसपीआय' ह्या आज्ञेनें पहिले तीन पाय व 'ऑप्शन एसडीकार्ड' ह्या आज्ञेनें चौथा पाय सांगतात. ही माहिती वीज गेली तरी यंत्रांत टिकते; परंतु भाषेची नवी आवृत्ति घातल्यावर ती पुसली जाऊं शकते. काल चालणारें कार्ड नव्या आवृत्तीनंतर आज चालेनासें झालें, तर 'ऑप्शन लिस्ट' ही आज्ञा देऊन ती माहिती जागेवर आहे काय हें प्रथम पाहावें.

कार्डाची मांडणी हेंही एक कारण असतें. ३२ गिगाबाइटपर्यंतचीं कार्डें सामान्यतः फॅट३२ ह्या पद्धतीनें मांडलेलीं येतात. त्याहून मोठीं कार्डें एक्सफॅट ह्या निराळ्या पद्धतीनें मांडलेलीं असतात. मूळच्या मॅक्झिमाइटास फॅट१६ व फॅट३२ एवढ्याच पद्धती कळतात. त्यास मोठें कार्ड दिल्यास परक्या लिपींतील पुस्तक हातांत दिल्यासारखें होतें. पुस्तकांत दोष नसतो, वाचणाराही आंधळा नसतो.

आतां एक सूक्ष्म प्रकार. नव्या पिकोमाइटांत कपाटें दोन असतात. 'ए:' हें पिकोच्या स्वतःच्या फ्लॅशमधील, आणि 'बी:' हें एसडी कार्डाचें. वीज सुरू होतांना यंत्र 'ए:' कपाटापुढें उभें असतें. प्रोग्रॅममध्यें कपाटाचें नांव न देतां नुसतें फाईलचें नांव दिलें, तर यंत्र 'ए:' मध्यें शोधतें व 'सांपडत नाहीं' म्हणून सांगतें. आणि विद्यार्थी कार्ड काढून मोठ्या संगणकांत घालतो तों फाईल तेथें स्पष्ट दिसते! यंत्रानें खोटें सांगितलें नाहीं. विचारलेल्या कपाटांत फाईल नव्हतीच. उपाय सोपा: 'ड्राइव्ह "बी:"' ही आज्ञा आरंभीं द्यावी, किंवा प्रत्येक नांवाच्या आधीं 'बी:' लिहावें.

४. दुसरी कडी: कप्पा

कपाट बरोबर असलें तरी त्यांत कप्पे अनेक असतात. यंत्र कोणत्याही क्षणीं एका कप्प्यांत उभें असतें, आणि पूर्ण मार्ग न दिलेलें नांव त्याच कप्प्यांत शोधतें. तें सध्यां कोठें उभें आहे हें 'प्रिंट सीडब्ल्यूडी$' ह्या आज्ञेनें कळतें. कप्पा 'सीएचडीआयआर' ह्या आज्ञेनें बदलतां येतो.

सकाळीं चाललेला प्रोग्रॅम संध्याकाळीं चालत नाहीं, मधल्या वेळांत तर कोणीं त्यास हात लावला नाहीं, असें जेव्हां घडतें, तेव्हां ह्या कडीचा संशय घ्यावा. मधल्या वेळांत कोणीं तरी कप्पा बदललेला असतो, किंवा वीज बंद करून सुरू केल्यामुळें यंत्र मूळच्या जागीं परत आलेलें असतें. ज्या प्रोग्रॅमनें अनेक महिने बिनचूक काम करावें अशी आपली इच्छा असते, त्यानें यंत्र कोठें उभें आहे ह्यावर अवलंबून राहूं नये. पत्रावर नुसतें "बाजाराजवळ" न लिहितां गांव व तालुका जसे लिहितात, तसा पूर्ण मार्ग लिहावा.

५. तिसरी कडी: नांव

नांवाच्या चुका सर्वांत अधिक व सर्वांत क्षुल्लक. पुढील पांच प्रकार ध्यानांत ठेवावे.

(अ) अवतरणचिन्हें राहून जाणें. चिन्हांवांचून लिहिलेला शब्द बेसिक भाषा चल राशीचें नांव समजते, फाईलचें नव्हे. अशा वेळीं येणारा निरोप फाईलविषयीं नसून भलत्याच गोष्टीविषयीं असतो, आणि नवशिका गोंधळतो.

(आ) दडलेलें शेपूट. मोठ्या संगणकावरील विंडोज नांवाच्या शेवटचा टिंबापुढील भाग पुष्कळदां दाखवीत नाहीं. तेथें 'रेन.टीएक्सटी' असें नांव हातानें दिलें असतां कधीं कधीं खरें नांव 'रेन.टीएक्सटी.टीएक्सटी' असें होऊन बसतें. 'फाईल्स' ह्या आज्ञेची यादी मात्र पूर्ण नांव दाखविते. तेव्हां यादींत जें दिसेल तेंच अक्षरशः लिहावें.

(इ) न दिसणारी मोकळी जागा. नांव जर चल राशींत ठेविलें असेल, तर त्याच्या मागेंपुढें जागा चिकटली आहे काय हें डोळ्यांस कळत नाहीं. त्यासाठीं नांव कंसांत छापून पाहावें: प्रिंट "[" + एफ$ + "]". कंस अक्षरांस चिकटून आले तर नांव स्वच्छ आहे.

(ई) लांबी. मूळच्या मॅक्झिमाइटास टिंबाच्या आधीं आठ व नंतर तीन अक्षरें एवढेंच नांव चालतें. नव्या यंत्रांस लांब नांवें चालतात. म्हणून नव्या यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम जुन्यावर नेतांना नांवें मोजून पाहावीं.

(उ) निषिद्ध चिन्हें. हा प्रकार विशेष मौजेचा आहे. नोंदीस वेळेचें नांव द्यावें अशा चांगल्या हेतूनें विद्यार्थी फाईलच्या नांवांत 'टाइम$' जोडतो. पण 'टाइम$' हें तास, मिनिटें व सेकंद ह्यांच्यामध्यें विसर्गासारखीं दोन टिंबें घालून उत्तर देतें, आणि तें चिन्ह फाईलच्या नांवांत चालत नाहीं. तें तर कपाटाच्या नांवाची खूण आहे. आज्ञा वाचून पाहिली तर तींत एकही चूक दिसत नाहीं. नांव छापून पाहिलें तर चूक तत्काळ दिसते. 'डेट$' मध्यें आडव्या रेघा असतात, त्या चालतात. मात्र तें दहा अक्षरांचें असल्यामुळें जुन्या मॅक्झिमाइटाच्या आठ अक्षरांत मावत नाहीं.

६. चौथी कडी: हेतु

फाईल उघडण्याचे मुख्य हेतु तीन. 'इनपुट' म्हणजे वाचण्यासाठीं. फाईल आधींपासून नसेल तर यंत्र चूक दाखवितें, आणि तें योग्यच आहे, कारण नसलेली वही कोण वाचणार? 'आउटपुट' म्हणजे नव्यानें लिहिण्यासाठीं. फाईल नसेल तर तयार होते, असेल तर जुना मजकूर पुसून कोरी होते. 'अपेंड' म्हणजे पुढें जोडण्यासाठीं; फाईल असेल तर तिच्या शेवटीं लिहिलें जातें, नसेल तर नवी तयार होते. ह्यांखेरीज 'रँडम' हा चौथा हेतु आहे. त्यानें एकाच फाईलींत वाचतां व लिहितां येतें व मधल्या जागीं जातां येतें.

पुष्कळ प्रोग्रॅम पहिल्या दिवशींच अडतात, त्याचें कारण हेंच. प्रोग्रॅम आरंभीं कालची नोंद वाचावयास जातो. पण पहिल्या दिवशीं 'काल' नसतो. त्यासाठीं वाचण्यापूर्वीं फाईल आहे काय हें विचारावें. 'डीआयआर$("बी:/पर्जन्य/रेन.टीएक्सटी", फाईल)' ह्याचें उत्तर रिकामें आलें तर फाईल नाहीं असें समजावें व तेवढें वाचन वगळावें.

७. पांचवी कडी: बिल्ला

बिल्ले एक ते दहा एवढेच आहेत. जो बिल्ला दिला गेला आहे तो परत आल्यावांचून दुसऱ्या फाईलीस मिळत नाहीं. बिल्ला परत करण्याची आज्ञा 'क्लोज #१'.

ह्या कडीच्या दोषाची खूण अगदीं ठळक आहे: पहिल्या वेळीं प्रोग्रॅम चालतो, दुसऱ्या वेळीं अडतो. दर तासास फाईल उघडून एक ओळ लिहिणारा प्रोग्रॅम पहिल्या तासास बिनबोभाट चालला व दुसऱ्या तासास 'क्रमांक वापरांत आहे' म्हणून थांबला, तर 'क्लोज' राहिलें आहे असें निःशंक समजावें. कित्येकदां 'क्लोज' लिहिलेलें असतें, पण तेथें प्रोग्रॅम पोहोंचत नाहीं. मध्येंच 'जर' ची एक वाट त्यास बाहेर घेऊन जाते. म्हणून 'ओपन' पासून निघणाऱ्या प्रत्येक वाटेवर बोट ठेवून जावें व ती 'क्लोज' वरून जाते कीं नाहीं हें पाहावें.

'क्लोज' चें आणखी एक महत्त्व आहे. लिहिलेला मजकूर त्याच क्षणीं कार्डावर जातोच असें नाहीं. कांहीं भाग यंत्राच्या स्मृतींत थांबून असतो, आणि फाईल बंद करितांना तो कार्डावर जातो व फाईलची लांबीही तेव्हांच नोंदली जाते. मधल्या वेळीं वीज गेली तर तेवढा मजकूर गेला. ज्या गांवीं वीज केव्हां जाईल ह्याचा भरंवसा नाहीं, तेथें फाईल दिवसभर उघडी ठेवूं नये. उघडावी, एक ओळ लिहावी, बंद करावी.

८. जी चूक बोलत नाहीं

आतांपर्यंतच्या पांचही दोषांत यंत्र तोंडानें तक्रार करितें. तक्रार ऐकून आपणांस राग येतो. पण तो अस्थानीं आहे. थांबलेल्या प्रोग्रॅमनें कोणाचें कांहीं नेलेलें नसतें. खरी भीति आहे ती निमूटपणें उघडणाऱ्या फाईलीची.

समजा, एका विद्यार्थिनीनें पिकोस पर्जन्यमापक जोडून जूनपासून रोजचा पाऊस मिलिमीटरांत नोंदविण्याचा संकल्प केला. तिच्या प्रोग्रॅममध्यें 'अपेंड' च्या जागीं 'आउटपुट' हा शब्द पडला आहे. पहिल्या दिवशीं फाईल तयार झाली. तिनें उघडून पाहिली, एक ओळ होती. ती संतुष्ट झाली. दुसऱ्या दिवशीं यंत्रानें जुनी ओळ पुसून नवी लिहिली. तिसऱ्या दिवशींही तेंच. एकदांही चूक उमटली नाहीं, एकदांही प्रोग्रॅम थांबला नाहीं. सप्टेंबरअखेर ती आलेख काढावयास बसेल तेव्हां फाईलींत एकच ओळ असेल, शेवटच्या दिवसाची. प्रोग्रॅम पुन्हां लिहितां येतो, कार्ड पुन्हां विकत मिळतें. गेलेला पाऊस पुन्हां मोजतां येत नाहीं.

आतां ती म्हणेल कीं, "मी रोज तारखेच्या नांवाची निराळी फाईल करीन, म्हणजे 'आउटपुट' नेंही भय नाहीं." युक्ति चांगली आहे, पण एक गोष्ट तपासली पाहिजे. पिकोच्या पट्टीवर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज जाऊन परत आली म्हणजे एमएमबेसिकचें घड्याळ आरंभीच्या एका ठराविक तारखेवर जाऊन बसतें. ज्या दिवशीं वीज जाईल त्या त्या दिवशीं फाईलचें नांव तेंच येईल, आणि प्रत्येक नवी फाईल आधींच्या फाईलीस पुसून टाकील. त्यासाठीं डीएस३२३१ सारखें बॅटरीवर चालणारें घड्याळ जोडून त्यावरून वेळ घ्यावी. आणि तरीही 'अपेंड' च वापरावें.

दुसरी मूक चूक मनुष्य स्वतः ओढवून घेतो. एमएमबेसिकमध्यें 'ऑन एरर इग्नोर' अशी आज्ञा आहे. ती दिली म्हणजे चुका झाल्या तरी प्रोग्रॅम थांबत नाहीं. प्रोग्रॅम अडूं लागला म्हणून कंटाळून कोणी कोणी ही आज्ञा पहिल्या ओळींत घालतात. पडदा शांत होतो. पण फाईल उघडलेलीच नसते, लिहिलेलें कोठेंच जात नाहीं, आणि तें सांगणाराचें तोंड आपणच बांधलेलें असतें. रखवालदाराचें भुंकणारें कुत्रें हाकलून दिल्यानें चोर येण्याचे थांबत नाहींत.

९. योग्य रीत

चूक सहन करावयाची असेल तर ती एकाच आज्ञेपुरती करावी, व लगेच विचारपूस करावी. 'ऑन एरर स्किप' ही आज्ञा तिच्या पुढील एका आज्ञेपुरतीच सूट देते. चूक झाली कीं नाहीं हें 'एमएम.एररनो' ह्या संख्येवरून कळतें. ती शून्य असेल तर सर्व ठीक. कारण 'एमएम.एररएमएसजी$' मध्यें शब्दांनीं मिळतें. पावसाची नोंद करणारा भाग असा लिहावा:

ऑन एरर स्किप
ओपन "बी:/पर्जन्य/रेन.टीएक्सटी" फॉर अपेंड ॲज #१
इफ एमएम.एररनो <> ० देन
प्रिंट "नोंद झाली नाहीं: ", एमएम.एररएमएसजी$
एंड
एंडइफ
प्रिंट #१, डेट$, ",", पाऊस
क्लोज #१

ह्या आठ ओळींत आपल्या पांचही कड्या आल्या आहेत. कपाट व कप्पा स्पष्ट सांगितले आहेत. नांव लहान व स्वच्छ आहे. हेतु जोडण्याचा आहे. बिल्ला घेतला व परत केला आहे. आणि कांहीं बिघडलें तर यंत्र तें मोठ्यानें सांगतें. 'पर्जन्य' हा कप्पा मात्र आधींच 'एमकेडीआयआर' ह्या आज्ञेनें कार्डावर केलेला असला पाहिजे. 'अपेंड' नवी फाईल करितें, नवा कप्पा करीत नाहीं.

एवढें करूनही फाईल उघडली नाहीं, तर प्रोग्रॅम बाजूस ठेवून चिन्हापुढें एकेक प्रश्न विचारावा, तोही ह्याच क्रमानें. 'फाईल्स "बी:/*"' देऊन कपाट पाहावें. यादींत कप्पा आहे काय पाहावें. कप्प्यांत जाऊन फाईलचें पूर्ण नांव अक्षरशः उतरून घ्यावें. मग एकटी 'ओपन' आज्ञा द्यावी व यंत्राचें उत्तर पाहावें. ती चालली तर 'क्लोज' द्यावें, आणि मगच प्रोग्रॅमकडे परत जावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व काय बदललें तें वहींत टिपून ठेवावें. दोन गोष्टी एकदम बदलून प्रोग्रॅम चालला, तर दोहोंपैकीं कोणती कारणी लागली हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस अडचण आली म्हणजे पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आणि शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवसाची. नोंदणारा प्रोग्रॅम एकदां चालवून समाधान मानूं नये. तो दोनदां चालवावा, मध्यें एकदां वीज बंद करावी, आणि मग फाईल उघडून ओळी मोजाव्या. दोन वेळां चालविला असतां दोन ओळी दिसल्या, तरच तो प्रोग्रॅम पावसाळ्याच्या हवालीं करावा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एक प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनीं तापमान लिहितो. पहिली नोंद होते, दुसरीच्या वेळीं प्रोग्रॅम थांबतो. कोणती कडी तुटली असावी? ती कशी तपासाल?

२. कार्डावरील फाईल मोठ्या संगणकावर दिसते, परंतु पिकोमाइट 'सांपडत नाहीं' म्हणतो. ह्याचीं निदान तीन निरनिराळीं कारणें सांगा, व प्रत्येकासाठीं चिन्हापुढें कोणती आज्ञा द्याल तें लिहा.

३. 'एल' + टाइम$ + '.टीएक्सटी' असें नांव कां चालणार नाहीं? 'एल' + डेट$ + '.टीएक्सटी' हें नांव मॅक्झिमाइटावर कां अडेल?

४. वर दिलेल्या आठ ओळींत 'अपेंड' च्या जागीं 'आउटपुट' घातल्यास पहिल्या दिवशीं काय दिसेल? तिसाव्या दिवशीं काय दिसेल? दोन्ही उत्तरें आधीं कागदावर लिहा, आणि मगच टाकाऊ कार्डावर करून पाहा.